बिनमिठाचं पुस्तक

शिवमूर्ती एकतीस वर्षं पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते. तेवढ्या काळात त्यांनी इतकी परिपत्रकं लिहिली की निवृत्त झाल्यावरही त्यांची वाक्यं 'करावे', 'कळवावे', 'दक्षता घ्यावी' अशीच संपायची. लातुरात औसा रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं घर होतं. घरात ते आणि त्यांची बायको महामाया, दोघंच. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला होती. घर बांधताना ती तिकडे ठेवायचं शिवमूर्तींनीच ठरवलं होतं, आणि त्या खिडकीत दुपारी उभं राहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

उन्हाळा लागला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं. पेपर घडी करून ठेवायचे, गळ्यावरचा घाम पुसायचे आणि आतल्या दिशेनं सांगायचे, "अगं, उगी लई काही करत बसू नको. साधंच कर काहीतरी."

साधं म्हणजे ज्वारीची आंबील, दह्यासोबत धपाटे, कैरीचा तक्कू, अंबाडीची भाजी आणि वरून पन्हं. महामाया हे सगळं करायची. आंबिलीचं पीठ आदल्या दिवशी भिजवायची, अंबाडी निवडायची, कैऱ्या उकडून गर काढायची आणि तव्यावर धपाटे भाजायची. गॅस विझतो म्हणून पंखा बंद असायचा. बाहेर बेचाळीस अंश असलं तर आत किती असेल, हे कुणी मोजलं नव्हतं. जेवण झालं की शिवमूर्ती पोटावरून हात फिरवत म्हणायचे, "बघ, साध्या जेवणासारखं दुसरं काही नाही. कष्ट न्हाईत, खर्च न्हाई."

गेल्या वर्षी ज्येष्ठ नागरिक संघानं त्यांचं 'उन्हाळा आणि आहार' या विषयावर व्याख्यान ठेवलं. ते तासभर बोलले. बोलण्यात ज्वारीचे गुण होते, पूर्वजांचं शहाणपण होतं आणि फ्रीजच्या पाण्याचा निषेध होता. व्याख्यान झाल्यावर त्यांनी फ्रीजमधलं पाणी प्यायलं, पण ते घरी येऊन. संघाचे अध्यक्ष आप्पासाहेब फार खूश झाले. म्हणाले, "साहेब, हे सगळं पुस्तकात यायला पाहिजे. छपाईचं संघ बघतो."

मग दोन महिने शिवमूर्ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले. महामाया काम करायची, ते वही घेऊन विचारायचे.

"आता काय करून राहिलीस?"

"पीठ कालवते."

"कशात?"

"ताकात."

ते लिहायचे : ज्वारीचे पीठ ताकात कालवावे.

मधेच फोन यायचा, मधेच ते चहा मागायचे, मधेच डुलकी लागायची. जागे झाले की पुढचं लिहायचे. महामायाला सांगायची सवय नव्हती. तिच्या हातानं ज्या गोष्टी आपोआप व्हायच्या, त्या ती बोलायची नाही. मीठ घालताना ती कधीच काही बोलायची नाही. आणि शिवमूर्तींनी फक्त ऐकलेलं लिहिलं.

चोवीस पानांचं पुस्तक छापून आलं. 'साधा आहार, थंड शरीर : उन्हाळ्यातल्या एकवीस घरगुती पाककृती'. मुखपृष्ठावर शिवमूर्तींचा सफारीतला फोटो होता. आत ऋणनिर्देश होता. त्यात आप्पासाहेब होते, संघाचे सचिव होते, छापखान्याचे मालक होते, मजकूर टाइप करून देणारी त्या मालकांची मुलगी होती, आणि 'ज्ञात-अज्ञात सर्व हितचिंतक' होते.

महामायानं पुस्तक दुपारी वाचलं. ती सातवी शिकलेली, पण वाचायची सावकाश आणि एकही अक्षर न सोडता. ऋणनिर्देश तिनं दोनदा वाचला. आपण ज्ञातमध्ये की अज्ञातमध्ये, याचा थोडा विचार केला. मग पाककृती वाचल्या. 'निवडावे', 'धुवावे', 'ढवळावे', 'थापावे', 'वाढावे'. संध्याकाळी तिनं विचारलं, "अहो, हे सगळं करावे, करावे लिहिलंय, ते कुणी करावे?"

"म्हणजे? करणारानं करावे," शिवमूर्ती म्हणाले. "भाषेची पद्धत असते ती."

तिनं पुस्तक मिटून फडताळात ठेवलं.

प्रकाशन मे महिन्यातल्या एका रविवारी ठरलं. नांदेडहून वर्षाराणी नावाच्या आहारतज्ज्ञ बाई प्रमुख पाहुण्या म्हणून येणार होत्या. आप्पासाहेबांनी सुचवलं की पाहुण्यांना पुस्तकातलेच पदार्थ खायला घालावेत. शिवमूर्तींनी लगेच हात वर केला. "आमच्याच घरी ठेवा. पंचवीसेक माणसं तर होतील. साधंच तर जेवण आहे."

घरी येऊन त्यांनी महामायाला सांगितलं. तिनं विचारलं, "काय काय करायचं?"

"आंबील, धपाटे, अंबाडी आणि पन्हं. पुस्तकात आहे तसंच होऊ दे. लोक पुस्तक हातात घेऊन जेवणार आहेत."

"पुस्तकात हाय तसंच?"

"अगदी तसंच. तुझ्या मनाचं काही घालू नको."

"बरं," महामाया म्हणाली.

रविवारी पहाटे ती उठली, पुस्तक खिडकीत उभं करून ठेवलं आणि कामाला लागली. खरं तर तिचं मन खात होतं. हिमायतनगरला तिच्या माहेरी अन्न बिघडवणं हे पाप मानायचे. सांडलेली ज्वारीसुद्धा वेचून घ्यायचे. म्हणून तिनं स्वतःसाठी आदल्या दिवशी थोडं पीठ भिजवून ठेवलं होतं, त्याची एका लहान पातेल्यात तिच्या पद्धतीची आंबील वेगळी केली आणि ती माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. बाकीचं सगळं तिनं नवऱ्याच्या हुकमानुसार केलं.

पुस्तकात पीठ आदल्या दिवशी भिजवायचं नव्हतं, म्हणून तिनं भिजवलं नाही. 'उकळावे व ढवळावे' असं होतं, म्हणून तिनं उकळलं आणि एकदा ढवळलं. किती वेळ ते लिहिलेलं नव्हतं. अंबाडी उकडून तिचं आंबट पाणी काढून टाकायचं असतं. त्या वेळी शिवमूर्तींना डुलकी लागलेली होती, त्यामुळे ते पाणी भाजीतच राहिलं. धपाटे 'मंद आचेवर भाजावेत' असं होतं. ते मंद आचेवर इतके भाजले गेले की ताटात टाकल्यावर वाजू लागले. पन्ह्याची कृती चार वाक्यांची होती : कैऱ्या उकडाव्यात. गर काढावा. गूळ घालावा. प्यावे. पाणी कुठेच नव्हतं. तिनंही घातलं नाही. आणि एकवीस पाककृतींत मीठ हा शब्द एकदाही आलेला नव्हता.

अकरा वाजता माणसं जमली. भाषणं झाली. वर्षाराणी बाईंनी पुस्तकाची फीत सोडली आणि 'आपल्या परसातलं ज्ञान आपण विसरलो' असं सांगितलं. बाईंच्या फ्लॅटला परस नव्हतं, पण वाक्य छान होतं, टाळ्या पडल्या. मग पंगत बसली.

पहिला घास सगळ्यांनी एकदमच घेतला. आंबिलीत गुठळ्या होत्या आणि ताक फाटून वेगळं तरंगत होतं. अंबाडीनं दात आंबले. आप्पासाहेबांनी पन्ह्याचा पेला ओठाला लावून उपडा धरला, पण पन्हं खाली आलं नाही. त्यांनी पेल्याच्या बुडावर दोन बोटांनी टकटक केलं. तरी आलं नाही. शेवटी त्यांनी चमचा मागितला.

सगळे वर्षाराणी बाईंकडे बघू लागले. त्या तज्ज्ञ होत्या. बाईंनी आंबिलीचा दुसरा घोट घेतला, डोळे मिटले आणि गिळला.

"किती सात्त्विक," त्या म्हणाल्या.

झालं. पंगतीला वाट सापडली. सचिव म्हणाले, "औषधी आहे, औषधी." एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले की आपली जीभ मसाल्यांनी बिघडलेली आहे, म्हणून खरी चव आपल्याला ओळखू येत नाही. आप्पासाहेब चमच्यानं पन्हं खात म्हणाले, "पौष्टिक. नुसतं पौष्टिक." वर्षाराणी बाईंनी सांगितलं की मिठाशिवाय शिजवणं ही फार प्रगत गोष्ट आहे आणि शिवमूर्ती साहेबांनी ती आपल्या परंपरेतून शोधून काढली. शिवमूर्तींनी पहिला घास खाल्ला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. आता तो परत वर आला. त्यांनी नम्रपणे मान हलवली.

पंगतीच्या टोकाला मडिवाळप्पा बसले होते. ते शिवमूर्तींचे शाळेपासूनचे मित्र, निलंग्याकडचे शेतकरी. सकाळच्या एसटीनं उभ्यानं आले होते, आणि त्यांना भूक लागलेली होती. त्यांनी धपाटा मोडायचा प्रयत्न केला. तो मोडला तेव्हा तुकडा प्राध्यापकांच्या ताटात जाऊन पडला.

"वैनी," त्यांनी हाक मारली, "आज मीठ इसरलाव का वो?"

सगळ्यांनी ताटात माना घातल्या.

महामाया दारात आली. पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, "न्हाई भावजी. पुस्तकात न्हाई."

"काय न्हाई?"

"मीठ. बघा की, तुमच्या शेजारी हाय पुस्तक."

मडिवाळप्पांनी चष्मा लावला आणि आंबिलीची कृती मोठ्यानं वाचली. मग पन्ह्याची. "'गूळ घालावा. प्यावे.' आता हे कसं प्यावे गड्या? हे तर थापावे!" ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. पण त्यांच्याबरोबर कुणीच हसलं नाही. हसणार कसं? सगळ्यांनी आत्ताच सात्त्विक म्हटलं होतं.

ठसका थांबेना, तशी महामायानं माठाजवळचं ते लहान पातेलं आणलं आणि वाटीभर आंबील मडिवाळप्पांपुढे ठेवली. आंबील मऊ, पांढरी, गार होती. वर ठेचलेला लसूण, जिरं आणि कोथिंबीर. त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि घटाघटा संपवली. लसणाचा वास पंगतभर फिरला. पंचवीस जणांनी त्या वाटीकडे पाहिलं. आप्पासाहेबांचा चमचा पन्ह्यात तसाच उभा राहिला. पण मागायला कुणाची जीभ वळली नाही. मागितली असती तर आधीची आंबील वाईट होती, असं झालं असतं. मडिवाळप्पांनी दुसरी वाटी मागितली, तिसरीही मागितली, आणि पातेलं संपलं. वर्षाराणी बाई मात्र बिनमिठाची आंबील शेवटपर्यंत गिळत राहिल्या. त्यांच्या निष्ठेबद्दल महामायाला मनातून आदर वाटला.

माणसं गेल्यावर शिवमूर्ती भडकले. "चारचौघांत माझी अब्रू घालवलीस!"

"मी तुमच्या अक्षराला बोट न्हाई लावलं," ती म्हणाली. ताटं घासायला टाकत होती.

"अगं, पण मीठ घालायचं असतं हे काय लिहावं लागतं? तुला कळत नाही?"

"मला कळते. ज्याच्यासाठी पुस्तक लिहिलं त्याला कसं कळावे?"

आठ दिवसांत नवी भानगड झाली. संघातल्या दोघातिघांनी घरी पुस्तक नेलं होतं आणि त्यांच्या बायका-सुनांनी ते वाचलं होतं. संघाच्या बैठकीपेक्षा या वाचकांचं मत जास्त स्पष्ट होतं. आप्पासाहेबांचा फोन आला : उरलेल्या प्रतींत एक शुद्धिपत्र चिकटवावं लागेल.

शिवमूर्ती वही घेऊन परत स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकू लागले. महामायानं खुर्ची उचलून बाहेर ठेवली.

"ऐकून तुम्हाला समजत न्हाई," ती म्हणाली. "हातानं करा. मी बसते."

आणि ती खरंच बसली. त्याच खुर्चीत, दारात, हातात पंखा घेऊन. शिवमूर्ती ओट्याजवळ गेले. दुपारचे तीन वाजले होते, खिडकीतून ऊन सरळ त्यांच्या कानशिलावर पडत होतं. त्यांनी आंबील ढवळायला घेतली. पाच मिनिटांनी विचारलं, "झालं?"

"न्हाई."

"पंखा तरी लाव."

"गॅस विझतो."

दहा मिनिटांनी त्यांनी हात बदलला. पंधरा मिनिटांनी बनियन अंगाला चिकटलं. त्यांनी हात थांबवला, तशी बुडाशी लागल्याचा वास आला. ते घाबरून परत ढवळू लागले. घाम नाकावरून ओघळत होता आणि तो पातेल्यात पडू नये म्हणून त्यांना मान वाकडी धरावी लागत होती. बऱ्याच वेळानं ते खालच्या आवाजात म्हणाले, "हे तू रोज असं करतेस?"

"न्हाई," महामाया म्हणाली. "रोज मधेच तुम्ही चहा मागता."

त्या दिवशीची आंबील करपट झाली. दुसऱ्या दिवशीची पातळ झाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मीठ दोनदा घातलं. चौथ्या दिवशी मात्र बरी जमली. ती पिताना त्यांना एकाएकी फार वाईट वाटलं. कशाचं ते त्यांना नीट सांगता येईना. ते एवढंच म्हणाले, "तुझ्यासारखी न्हाई झाली." ती म्हणाली, "चालते." आणि वाटी संपवली.

शुद्धिपत्र जूनमध्ये तयार झालं. चोवीस पानांच्या पुस्तकाला सव्वीस पानांचं शुद्धिपत्र. आप्पासाहेब म्हणाले, हे चिकटवायचं कसं? पुस्तकच याला चिकटवावं लागेल. छापखान्याच्या मालकानं हात जोडले. प्रती संघाच्या कपाटात राहिल्या, आणि संघानं पुढचं व्याख्यान योगासनांवर ठेवलं.

त्याच महिन्यात महामाया इस्लापूरला धाकट्या बहिणीकडे, गुणाबाईकडे, पंधरा दिवस राहायला गेली. लग्नानंतर इतके दिवस ती कधी गेली नव्हती. शिवमूर्तींनी 'लवकर ये' म्हटलं नाही. स्टॅंडवर बॅग धरून उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी तिनं घरी फोन लावला. फोन मडिवाळप्पांनी उचलला. ते दवाखान्याच्या कामासाठी लातुरात आले होते आणि जेवायला थांबले होते.

"हे कुठं हायेत?" तिनं विचारलं.

"आत हाय. धपाटे थापून राहिला. बोटं पिठात हायेत, फोन धरता येईना."

"जमतेत का?"

मडिवाळप्पांनी आत डोकावून पाहिलं. "गोल न्हाई वैनी. पण मोडायलेत."

आतून शिवमूर्तींचा आवाज आला, "तिला विचार, तीळ आधी लावायचे का नंतर?"

महामायानं गुणाबाईच्या अंगणातल्या बाजेवर पाय पसरले आणि सावकाश सांगायला सुरुवात केली.