नमुन्यातली तीस सेकंदं

आमच्या दुकानाचं नाव ‘ठमी रेकॉर्डिंग’ आहे आणि ते ठेवताना मला कुणी विचारलं नव्हतं. लहानपणी मी गोल गरगरीत होते म्हणून अप्पा मला ठमी म्हणायचे. पुढे एक जुनं यंत्र घेऊन मी आपली आपणच, चुकतमाकत, आवाज टिपायला शिकले, तेव्हा दादाने पाटी रंगवून आणली ती याच नावाची. दादा कॅमेरा बघतो, मी आवाज. पन्नाशी गाठली तरी फोनवर ‘ठमी बोलतेय’ म्हणावं लागतं. लोक आधी हसतात, मग काम सांगतात.

अप्पा पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायचे. माणसाच्या उंचीची लोखंडी सळई, एक टोक रस्त्यावर, दुसरं कानाला. जमिनीखाली नळ कुठे फुटलाय ते ऐकून सांगायचे आणि खणणारे तिथेच खणायचे. चौतीस वर्षांत तीनदा चुकले. ते तिन्ही रस्ते त्यांना अजून तोंडपाठ आहेत. ऐकायचं कसं, हे मी त्यांच्याकडूनच उचललं.

गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, जीव राहील, आवाज जाईल. शस्त्रक्रियेची तारीख महिन्यानंतरची मिळाली, आणि त्याच आठवड्यात खात्याची निविदा निघाली. शहराच्या पाण्याला शंभर वर्षं झाली म्हणून माहितीपट करून हवा होता, चित्रीकरण आणि ध्वनिमुद्रणासह. दादाने ती जेवताना वाचून दाखवली. अप्पांनी घास गिळायला वेळ घेतला आणि मग विचारलं, त्यात सळईचं येईल की नाही. मी म्हटलं, येईल, तुमच्याच तोंडून येईल.

त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं. काम आम्हाला मिळालं, तरच त्यांचा आवाज, खाली त्यांचं नाव घालून, पडद्यावर जाणार होता आणि आवाज गेल्यावरही तिथे राहणार होता.

निविदेला तेवीस अटी होत्या. नववी अट, पाच मिनिटांचा नमुना द्यावा, काटछाट न करता, टिपला तसा. चौदावी, नमुन्यात निविदा भरणाऱ्याचं नाव किंवा ओळख कुठेही असू नये, म्हणजे तपासणाऱ्यांना तो कुणाचा ते कळणार नाही. एकोणिसावी, नमुना खात्याच्या मालकीचा होईल. एकोणिसावी आम्ही वाचली आणि पुढे गेलो.

अप्पांना जुन्या पंपघरात नेलं. तिथला पहारेकरी त्यांच्या हाताखाली काम केलेला, त्याने खुर्ची पुसून दिली. दोन पंप बंद होते, तिसरा मागच्या बाजूला धापा टाकल्यासारखा चालत होता. अप्पा साडेचार मिनिटं बोलले. मध्ये दोनदा पाणी प्यायले. शेवटी म्हणाले, “गळणारं पाणी रडत नाही, घाई करतं. ज्या नळात घाई ऐकू आली, तो फुटलेला समजायचा.”

आमच्या धंद्यात एक रीत आहे. बोलणं संपलं की त्याच जागेची तीस सेकंदं नुसती शांतता टिपायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि पुढे जोडकाम करताना ती खाली अंथरावी लागते. तेवढा वेळ कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. अप्पांना सगळं समजावलं होतं. तरी बाविसाव्या सेकंदाला ते बोललेच.

“ठमे, झालं का गं?”

मी बोट वर करून खूण केली, अजून आठ सेकंद. ते तोंड घट्ट मिटून बसले, वर्गात पकडले गेल्यासारखे.

घशाने पुन्हा साडेचार मिनिटं दिली नसती. घरी आल्यावर दादा म्हणाला, तेवढं काप. मी नवव्या अटीवर बोट ठेवलं. तो म्हणाला, मग चौदावीचं काय करतेस? मी म्हटलं, साहेब लोक दोन मिनिटं ऐकून पुढच्या नमुन्याकडे वळतात, शांतता कोण ऐकतं? खरं कारण त्याला सांगितलं नाही. साडेचार मिनिटं अप्पा खात्याशी बोलले होते. ते चार शब्द माझ्याशी बोलले होते. कापायला बसले आणि हात पुढे गेला नाही.

अप्पा इस्पितळातून घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पत्र आलं. अपात्र. नमुन्यात चार मिनिटं बावन्नाव्या सेकंदाला निविदाकाराची ओळख उघड.

मी खात्यात गेले. तपासणारा अधिकारी तिशीतला, टेबलावर कानाला लावायचा हेडफोन नीट गुंडाळून ठेवलेला. मी म्हटलं, बापाने लेकीला हाक मारली आहे. तो म्हणाला, ते मला कळलं, पण तुमच्या दुकानाची नोंदणी त्याच हाकेच्या नावाने आहे ना, मॅडम. भांडायच्या तयारीने गेले होते, त्याने जागाच ठेवली नाही. मी उठले तेव्हा तो हळूच म्हणाला, “नमुना तुमचाच सगळ्यांत चांगला होता. मी दोनदा ऐकला, शेवटपर्यंत.”

अख्ख्या खात्यात अप्पांसारखा कान असलेला एकच माणूस उरला होता, आणि आमची गळती त्याला सापडली.

आठ महिन्यांनी माहितीपटाचं निमंत्रण आलं, निवृत्त कर्मचारी म्हणून अप्पांच्या नावाने. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि खिशात लिहायची वही टाकली. सभागृहात आम्हाला अकरावी रांग मिळाली.

सळई आली. ती धरून एक देखणा नट वाकला होता, चुकीच्या बाजूने. आणि मग एक जाड, तुपाळ आवाज म्हणाला, गळणारं पाणी रडत नाही, घाई करतं. शब्दन् शब्द अप्पांचा. एकोणिसाव्या अटीप्रमाणे खात्याने नमुना ठेकेदाराला दिला होता, आणि ठेकेदाराला म्हाताऱ्याचा घोगरा आवाज नको होता. दादा उठायला लागला, मी त्याचा शर्ट धरून खाली बसवला.

अप्पांनी वही काढली. पडद्याच्या उजेडात लिहून माझ्यापुढे धरली. ‘बोलतो छान. सळईला कान लावलेला नाही कधी.’

शेवटी नावं आली. साहेबांची, मोठ्या साहेबांची, चहापाण्याची सोय करणाऱ्याचीसुद्धा. अप्पांचं नव्हतं, आमचंही नव्हतं. नावांच्या खाली संगीत थांबलं आणि मागे नुसती शांतता राहिली. लांब एक पंप धापा टाकत होता.

ती माझी होती. पंपघरातली. हजारात ओळखली असती. मी नकळत मोजायला लागले. वीस, एकवीस. बाविसाव्याला काहीच आलं नाही. तेवढंच कापलं होतं, सफाईने, आणि शांतता पुन्हा पहिल्यापासून सुरू केली होती.

अप्पांनी माझ्या दंडाला कोपर लावलं. मी वळले. त्यांचे ओठ हलले, आवाज अर्थातच नव्हता, पण ते चार शब्द मला वाचता आले.

मी बोट वर केलं. “थांबा अप्पा, अजून आठ सेकंद.”