आणायला माणूस

मोनालीची पिशवी चार दिवसांपासून दाराआड भरून ठेवलेली होती. भाऊबीजेच्या सकाळी पुऱ्यांची कणीक मळता मळता ती तीनदा गॅलरीत जाऊन राजापेठेचा रस्ता पाहून आली. रस्त्यावर माणसं पुष्कळ होती, तिचा भाऊ शुभम नव्हता.

सात वर्षं झाली लग्नाला. सातही भाऊबीजा तिनं याच ओट्यापुढे काढल्या. नणंद येणार, तिला गरम पुरी पाहिजे, आणि पुरी काय आपोआप लाटली जाते? मोनाली शुभमला ओवाळायची ती सण सरल्यावर, शिळ्या करंज्या घेऊन. यंदा नवरा गजेंद्र कबूल झाला होता. पण सासूनं, पार्बताबाईनं, मेख मारून ठेवली. माहेरचा माणूस न्यायला आल्याशिवाय सून घराबाहेर पडत नाही. रीत आहे.

बार्शीटाकळीच्या तिच्या माहेरी झेंडू पिकतो. दिवाळीत सारं घर अकोल्याच्या बाजारात फुलं विकायला बसतं. तिथून माणूस कसा सुटायचा? पार्बताबाईला हे चांगलं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच रीत होती.

दहाला शुभमचा फोन आला. माल पडून आहे, निघता येत नाही. मोनालीनं ते सांगितलं तेव्हा सासूच्या चेहऱ्यावर जो आराम पसरला, तो तिनं पाहिला. मग परवा जाशील, सासू म्हणाली आणि वेलची सोलायला लागली.

अकराला नणंद आली, चंदा. परतवाड्याहून, दोन लेकरं घेऊन, एकटी. बसल्या बसल्या सांगू लागली, तिच्याही घरी नणदा आल्या होत्या, सासू अडवत होती, पण हिनं कोणाचं ऐकलं नाही, सरळ जीपमध्ये येऊन बसली. पार्बताबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मायी पोरगी हिमतीची हाय, म्हणाली.

आत कढईत पहिली पुरी फुगली होती. मोनालीनं ती काढली, गॅस बंद केला आणि कणकेच्या हातानंच बैठकीत आली.

"चंदाताईले आनाले कोन गेलं होतं?"

गजेंद्र मोबाईलवर बोट फिरवू लागला, जसं काही उत्तर तिथंच सापडणार होतं.

"तिची गोष्ट अलग हाय," सासू म्हणाली.

"काहून?"

सासू वेलचीकडे पाहत राहिली. चिडली ती चंदा. "वयनी, माया सनाच्या दिवशीच सुचलं तुमाले हे?"

"माया बी सन आजच हाय, ताई." मोनालीनं पिशवी उचलली. "कनीक झाकून ठेवली हाय. तेल गरम हाय. पुऱ्या तुमाले येतेच."

जिना उतरताना मागून हाक आली. ती वळली नाही. वळली असती तर पुन्हा ओट्यापाशीच गेली असती.

बसमध्ये तिला चैन पडेना. मूर्तिजापूरपर्यंत गजेंद्रचे चार फोन आले, तिनं घेतले नाहीत. पाचवा शुभमचा. सासरहून त्याला कळलं असणार. कोणासोबत येऊन राहिली, त्यानं घाबरत विचारलं.

"मीच येऊन राहिली. दुकान आवरू नको, तिथंच ओवाळीन."

मग गजेंद्रचा मेसेज आला. परत कधी येशील.

तिनं लिहिलं, "आनाले ये."

त्यानं वाचलं. नखांत वाळलेली कणीक ती अकोल्यापर्यंत उकरत राहिली. गॅस बंद केला होता, हे तिला पक्कं आठवत होतं. तरी पुन्हा पुन्हा आठवून पाहत होती.