वेळेआधी आलेली तिसरी कॉफी

शेफिकाने एकतीस वर्षं कापडगिरणीत, मागांच्या खडखडाटात काढली. निवृत्त झाली तेव्हा तिला ना सत्कार हवा होता ना भेटवस्तू, फक्त शांतता हवी होती. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी जर्मनीत नांदते. नदीकाठी दोन खोल्यांचं घर, खिडकीत कुंड्या. आता आराम, असं तिने स्वतःला बजावून ठेवलं होतं.

पण निवृत्त बाई म्हणजे रिकामी बाई, अशी शेजारणींची समजूत असते. राझिया रोज दहाच्या ठोक्याला हजर. चपला दाराबाहेर काढायच्या, कोचावर बसायचं आणि तोंडाचा पट्टा सोडायचा. भाचीचं नवऱ्याशी बिनसलेलं, मशिदीच्या अंगणातला गळका नळ, वरच्या आळीतलं भुंकणारं कुत्रं. अकरा वाजायला आले की स्वतःच उठून जायची. तेवढा वेळ शेफिका मान डोलवत बसायची आणि मनात म्हणायची, यापेक्षा ते माग बरे होते, निदान बंद तरी करता यायचे.

आमच्या बोस्नियात पाहुण्याला ‘आता उठा’ असं कुणी तोंडाने म्हणत नाही. ते काम कॉफी करते. पहिली स्वागताची, दुसरी गप्पांची, आणि मग यजमानीण न विचारता तिसरी आणते, तिला सिक्तेरुशा म्हणतात. ती समोर आली की शहाण्या माणसाने कप रिकामा करायचा आणि चपला शोधायच्या. चांगल्या घरात ती बराच वेळ गेल्यावर येते. लवकर आणली तर तो सरळसरळ अपमान.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी शेफिकाचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. राझियाने भाचीचा विषय काढला, “वकिलाकडे गेली अगं, आणि तिथे काय झालं माहितीये…” एवढ्यात शेफिका दुसरी कॉफी घेऊन आली. ती अर्धी होते न होते तोच तिसरी. वीस मिनिटांत तीन. राझियाने कपाकडे पाहिलं, मग शेफिकाकडे पाहिलं. कॉफी मुकाट्याने संपवली, म्हणाली, “जप तब्येतीला,” आणि गेली.

दुसऱ्या दिवसापासून राझिया फिरकली नाही. पहिले दोन दिवस शेफिका मनसोक्त झोपली. तिसऱ्या दिवशी तिने कपाट आवरलं. पाचव्या दिवशी दहा वाजता तिचं लक्ष आपोआप दाराकडे गेलं आणि ती स्वतःवरच वैतागली. हवी होती ती शांतता मिळाली होती, पण तीत बसवत नव्हतं. बाराव्या दिवशी अकरा वाजून गेल्यावर तिने ताजी दळलेली कॉफी आणि मिठाईचा डबा घेतला आणि राझियाचं दार वाजवलं. रिकाम्या हाताने माफी मागायला जाण्याइतकी ती निर्लज्ज नव्हती.

खिडकीपाशी खाटेवर राझियाचा नवरा आवदो पडला होता. दोन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघात झाला, तेव्हापासून वाचा गेलेली. राझियाने डबा बाजूला ठेवला, आत गेली आणि कॉफी घेऊन आली.

“ही तिसरी आहे,” ती म्हणाली. “पहिल्या दोन झाल्या असं समज.”

शेफिकाने ती पिऊन टाकली, पण उठली नाही.

“चपला दाराशीच आहेत तुझ्या.”

“असू देत. चुकलं माझं, राझिया. एकतीस वर्षं मागांनी कान खाल्ले, म्हणून आराम हवा होता मला. आता तू घे.” तिने आपल्या घराची किल्ली पुढे केली. “मी बसते आवदोपाशी. तू तिकडे जाऊन निवांत पड. कुणी चकार शब्द बोलायला येणार नाही.”

राझियाने किल्ली परत सरकवली. “मी शांततेत पडू? या घरात दोन वर्षं माझ्याशिवाय कुणाचा आवाज नाही, शेफिका. दहाला नर्स येते, ह्यांचं अंग पुसते, अकराला जाते. तेवढ्या तासात मी तुझ्याकडे यायचे. झोप मला लागते गं. बोलायला माणूस मिळत नाही.” मग हळूच म्हणाली, “आणि त्या दिवसाआधी तुला कधी तिसरी करावी लागली होती का? मी आपणहून उठायचे.”

शेफिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज अकराला ही का उठते, एवढं साधं तिने कधी विचारलं नव्हतं.

“मग बहिणीकडे जा,” ती म्हणाली. “नाहीतर बाजारात जा. पोटभर बोलून ये. मी इथेच आहे.”

राझिया आधी नको म्हणाली, मग डोक्याला रुमाल बांधला. पाणी कधी द्यायचं, उशी कशी सारायची, हे जिन्यावरूनही तीनदा सांगून गेली.

शेफिकाने उशी सरळ करायला हात घातला, तर आवदोने डोळे घट्ट मिटून घेतले. तिने हात काढला, तसे उघडले. तो नदीकडे बघू लागला. दिवसभर पाणी हवं का, कूस बदलायची का, यांतून त्यालाही सुट्टी हवी असणार. शेफिकानेही खुर्ची खिडकीकडे वळवली. दोघं पाण्याकडे बघत बसले. तिला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

पाऊण वाजता जिन्यातून राझियाचा आवाज आधी आला, मग ती. घसा बसला होता, गाल लाल झाले होते. तिने कॉफी ठेवली, पहिली झाली, दुसरी झाली. मग ती दमून गप्प झाली आणि खोलीत पुन्हा शांतता पसरली. अशी शांतता शेफिकाला बारा दिवसांपूर्वी सोन्याच्या मोलाची वाटली असती. तिने आपला रिकामा कप राझियापुढे सरकवला.

“त्या वकिलाकडे काय झालं मग? भाचीचं? अर्धंच राहिलंय.”

राझियाने तिच्याकडे पाहिलं, आणि कॉफीचं भांडं पुन्हा चुलीवर ठेवायला उठली.