नळाचा पाना

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तक्रार क्रमांक चारशे बारासमोर नोंद पडली : ‘दुरुस्त केली. तपासून बंद करावी.’ त्याआधी हीच तक्रार तीनदा ‘हे असंच अपेक्षित आहे’ असा शेरा घेऊन परत आली होती आणि तिन्ही वेळा खुसपटने ती पुन्हा उघडली होती.

खुसपट हे तिचं ऑफिसातलं नाव. व्हिडिओ गेम बाजारात जाण्याआधी ते खेळून त्यातल्या चुका टिपायच्या, हे तिचं काम. खुसपटं काढण्याचाच पगार मिळत असल्यामुळे नावाचा तिला राग नव्हता. राग होता तो तक्रार न वाचता शेरा मारणाऱ्यांचा.

हातातला गेम एका दूरच्या चंद्रावरचा. तिथली खाण, खाणीवर चालून आलेले लुटारू आणि खाणीची बचावगाडी चालवणारा नायक. त्याला कितीही गोळ्या लागोत, पिशवीतली औषधाची सुई टोचली की तीन सेकंदांत गडी ठणठणीत. लुटारू तर त्याहून वरचढ. एक जण मार खात असताना बाकीचे बँकेत टोकन घेऊन बसल्यासारखे आपल्या पाळीची वाट बघायचे, आणि पायात दहा गोळ्या शिरल्या तरी एकही लंगडायचा नाही. आणि अशा या जगात, सातव्या प्रकरणात, नायकाच्या बहिणीला एकच गोळी लागते, ती चार मिनिटं बोलते आणि मरते. खेळणाऱ्याच्या पिशवीत तेव्हा नऊ सुया पडलेल्या असतात.

‘नऊतली एक सुई टोचायला याचं काय जातं?’ ही तक्रार चारशे बारा.

लेखकाने तिसऱ्यांदा शेरा मारला तेव्हा खाली एक ओळ जोडली होती : ‘खेळणारे एवढं बघत नाहीत. बहीण मरणं कथेला आवश्यक आहे.’ ते वाचून खुसपटचं डोकं फिरलं. माणूस मरतो तो कोणाच्या कथेला आवश्यक आहे म्हणून नव्हे, हे या शहाण्याला कोणीतरी सांगायला हवं होतं. तिने तिथल्या तिथे तक्रारीच्या चौकटीत लिहून टाकलं :

‘माणसं भरल्या सिलिंडरशेजारीही मरतात. पण का मरतात ते दिसावं लागतं. एका कारखान्यात वायू पसरला. अँब्युलन्स चार मिनिटांत पोचली. ऑक्सिजनचा सिलिंडर काठोकाठ भरलेला होता, पण त्याची झडप उघडायचा पाना गाडीत नव्हता. ड्रायव्हरने आदल्या रात्री तो घरी नेला होता आणि सकाळी बायको म्हणाली, आधी ती टिपटिप बंद करा, म्हणून त्याने नळ आवळला. पाना मोरीच्या कठड्यावर राहिला. असं मरण दाखवा, मग मी तक्रार बंद करते.’

लिहिलं आणि पाठवलं. नाव नाही, गाव नाही. रागात माणूस हातातलं असेल ते फेकून मारतो. तिने हे मारलं.

आता मंगळवारी ती दुरुस्ती तपासायला बसली. सुई आता नुसती टोचता येत नव्हती. अंतराळपोशाखाच्या छातीवरची झडप पान्याने उघडायची, मग सुई बसवायची. पुरे सात सेकंद, दोन्ही हात गुंतलेले, बंदूक खाली. लुटारू दोन बाजूंनी एकदम येत होते. गोळी लागलेला लंगडत होता, दुसरा त्याला ओढून आडोशाला नेत होता. पहिल्याच चकमकीत खुसपट तीनदा मेली आणि तिच्या तळहातांना घाम फुटला. या कामाच्या नऊ वर्षांत असं झालं नव्हतं.

सातव्या प्रकरणाच्या सुरुवातीला नायकाची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘आधी ती टिपटिप बंद कर बाबा.’ नायकाने खिशातला पाना काढला, नळ आवळला. बाहेर भोंगा वाजला. तो धावला. पाना कठड्यावर राहिला.

बहीण या वेळी काहीच बोलली नाही. नऊ सुया होत्या. झडप बोटांनी फिरत नव्हती.

खुसपटने यंत्र बंद केलं आणि थेट लेखकाच्या खोलीत गेली. तिथे लढाया रचणारा टेबलावर बसून चहा पीत होता.

“ये, ये. घाम फुटला की नाही?” लढाईवाला म्हणाला. “चार महिने तू आमचं डोकं खाल्लंस, आज वसूल झालं.”

“नळ काढ,” ती लेखकाला म्हणाली.

“काय?”

“नळ. टिपटिप. आईचं वाक्य. सगळं काढ. पाना दुसरीकडे कुठेतरी राहू दे.”

“अगं, तुझीच कथा आहे ती.”

“माझी नाही. तक्रारीत एक उदाहरण दिलं होतं. तू शब्दसुद्धा बदलला नाहीस. लेखक म्हणून तुला ठेवलंय की झेरॉक्स मशीन म्हणून?”

लेखकाला राग यायला हवा होता, पण तो शांतच राहिला. त्यामुळे तिचा आणखी चढला. “बदलून पाहिलं,” तो म्हणाला. “दाराची बिजागरी केली, पंखा केला. बारा जणांना खेळायला दिलं. सगळे म्हणाले, ओढूनताणून आणलंय. नळ ठेवला आणि दोघी जणी उठून बाहेर गेल्या, डोळे पुसायला. नळामुळेच पटतं. तूच म्हणत होतीस ना, पटत नाही म्हणून?”

“मला नाही पटत.”

“मग कारण लिही.” मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. “तुझ्या ओळखीतलं आहे का कोणाचं?”

“नाही,” ती म्हणाली.

वाईट याचंच होतं की प्रसंग उत्तम झाला होता. फालतू झाला असता तर तिने दहा कारणं लिहिली असती.

ड्रायव्हर तिचे बाबा होते. कारखान्यात पडलेला तिचा दादा, वय एकवीस. नळ आवळायला सांगणारी आई. आईला एवढंच माहीत होतं की गाडी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दुपारी घरात रडारड चालू असताना अकरा वर्षांच्या खुसपटने मोरीच्या कठड्यावरचा पाना पाहिला होता, आणि संध्याकाळी बाबांनी तो गुपचूप खिशात टाकताना त्यांची आणि तिची नजर भेटली होती. त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून बाबांनी घरातल्या नळाला हात लावला नव्हता. वायसर बदलायचा तरी प्लंबर यायचा, आणि आई चारचौघांत म्हणायची, “आमच्या ह्यांना सगळी गाडी खोलता येते, पण नळ म्हटला की अंगात आळस भरतो.”

गेमचा ट्रेलर शुक्रवारी चार वाजता सुटणार होता आणि त्यात नळाचा तो सगळा प्रसंग होता. लेकीच्या गेमचा ट्रेलर आईने आजवर एकही चुकवलेला नव्हता. त्यातलं तिला ओ की ठो कळत नसे, पण शेजारच्या काकूंना बोलावून टीव्हीवर लावून दाखवायची.

बुधवारी संध्याकाळी खुसपट घरी गेली ती जिना चढलीच नाही. बाबांना फोन करून खाली बोलावलं आणि पहिल्या पायरीवर बसून सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज चढला.

“चूक माझी आहे, मी लिहायला नको होतं. पण तुम्ही? अकरा वर्षांची होते मी, बाबा. एकोणीस वर्षं मी तोंड शिवून बसले.”

“मी तुला कधी गप्प बस म्हटलं?”

“नाही म्हटलंत. म्हटलं असतंत तर निदान भांडता आलं असतं.”

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “त्यांनी खोटं काही दाखवलंय का?”

“नाही. सगळं बरोबर दाखवलंय.”

“मग पाना कुठे राहिला म्हणून दाखवलंय?”

“कठड्यावर.”

“हं.” त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, माझ्या टिपटिपीपायी गेला. तेवढं तिच्या पदरात घालायचं नव्हतं. बाकी माझं काय.”

“आता टीव्ही घालणार आहे.”

“शुक्रवारी किती वाजता म्हणालीस?”

“चार.”

“चारच्या आत मी सांगतो.”

“खरंच सांगाल? की पुन्हा प्लंबर बोलवाल?”

ते त्यांना लागलं. पण ते एवढंच म्हणाले, “तू तुझं काम कर.”

“सांगून झालं की फोन करा. तोवर मी तक्रार बंद करत नाही.”

हे तिच्या हातात होतं. ज्याने तक्रार उघडली त्यानेच ती बंद करायची, आणि चारशे बारासारखी पहिल्या दर्जाची, म्हणजे सगळ्यात गंभीर, तक्रार एक जरी उघडी असली तरी काहीही बाहेर सोडायचं नाही, असा ऑफिसचा नियम. मागच्या गेमची नाचक्की झाल्यावर दिग्दर्शकाने तो स्वतः केला होता. मोडायचा तर त्याला स्वतःच्या नावाने लेखी मोडावा लागणार होता.

शुक्रवारी तीन वाजता दिग्दर्शक तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. “चारशे बारा अजून उघडी का?”

“तपासते आहे.”

“मंगळवारपासून?”

“चार महिने तुम्ही तपासली नाहीत, मी चार दिवस घेतले.”

“कारण लिही, नाहीतर बंद कर. या सगळ्यांची दोन वर्षं आहेत यात, तुझी एकटीची नाहीत.”

“माहीत आहे साहेब. माझी एकोणीस आहेत,” असं तिच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, “चारपर्यंत थांबा.”

तीन चाळीसला आईचा निरोप आला : ‘तुझ्या बाबांनी काकूंना परत पाठवलं. टीव्ही बंद केला आणि माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसलेत. काय झालंय यांना? तुला काही बोलले का?’

तिने फोन तसाच टेबलावर ठेवला. कारणाच्या चौकटीत एक शब्द लिहिला, खोडला.

तीन पंचावन्नला लेखक येऊन दिग्दर्शकाशेजारी उभा राहिला. त्याने तिच्या फोनवर उघडा असलेला आईचा निरोप पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरला. “तू नाही म्हणाली होतीस,” तो हळू आवाजात म्हणाला.

“तू विचारलंस ते सगळं बनवून झाल्यावर,” ती म्हणाली.

चार वाजले. दिग्दर्शक स्वतःच्या टेबलाशी जाऊन बसला आणि नियम मोडण्याचा अर्ज उघडून त्यावर आपलं नाव टाइप करू लागला. खुसपटने घरी फोन लावला. चार वाजून सात मिनिटांनी तक्रार क्रमांक चारशे बारा उघडी होती. घरचा फोन पूर्ण वाजून दोनदा थांबला होता, आणि आता तिसऱ्यांदा वाजत होता.