स्वभावाचा रकाना

मांजरपाळ मंडळाच्या सेक्रेटरीबाई ठरल्या वेळेला आल्या, पाणी प्यायल्या आणि थेट कामाला लागल्या. ताईला ते बरंच वाटलं. वडील जाऊन महिना झाला होता. महिनाभर जो येई तो आधी तिच्याकडे टक लावून बघे, मग भावाच्या कानाला लागे, "डोळ्यांत टिपूस नाही हो हिच्या." नव्हतंच. चहा करायचा, कपबश्या विसळायच्या, पुन्हा आधण ठेवायचं. आत काही हलतच नव्हतं, त्याला ती तरी काय करणार?

दुमडकान मांजरांच्या जातीला मोठ्या संघाची मान्यता मिळायची होती. त्यासाठी जातीचा इतिहास हवा, आणि इतिहास म्हणजे ताईचे वडील. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. पन्नास वर्षांपूर्वी दुकानामागच्या खोक्यात एक मांजरी व्याली. तिच्या पिलांतल्या एका मादीचे कान तिसऱ्या आठवड्यात पुढे दुमडले. या गृहस्थांनी डोळ्याला भिंग लावून ते कान न्याहाळले, इतके की गिऱ्हाईक ताटकळून निघून गेलं. तीच थोरली. आज चाळीसेक घरांत दुमडकान मांजरं आहेत ती सगळी तिचीच पिलावळ. सरळ कानांची पिलं शेजारीपाजारी वाटली जात. दुमडलेल्या कानांची वहीत नोंद होई.

सेक्रेटरीबाईंनी मजकूर वाचून दाखवला. "'पहिल्या मांजरीपासूनच ही जात अतिशय शांत. उड्या मारत नाही, उंचावर चढत नाही, तासन्‌तास एका जागी बसते.' हे तुमच्या वहीवरूनच घेतलंय. स्वभावाच्या रकान्यात अथपासून इतिपर्यंत एकच शब्द. आणि काय सुरेख अक्षर आहे वडिलांचं."

"अक्षर माझं," ताई म्हणाली.

तेव्हा ती अकरा वर्षांची होती. वडील सांगत, ती लिही. रंग झाला, कान झाले, स्वभावापाशी गाडी अडली. "बाबा, ही खिडकीत उडी मारत नाही. खालून नुसती बघत बसते. काय लिहू?" वडिलांनी भिंगावरून मान उचलली नाही. म्हणाले, "शांत लिही." तिने लिहिलं. पुढे तर विचारायचीही गरज पडली नाही.

त्याच आठवड्यात वडिलांनी खिडकीखाली तीन लाकडी पायऱ्या ठोकल्या. अजून तिथेच आहेत. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. माणसाला डोळे मिटायला दूधही लागत नाही.

गेल्या आठवड्यात घरातली शेवटची मांजरी, धाकटी, त्या पायऱ्याही चढेना, म्हणून ताई तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने एक्स-रे उजेडासमोर धरला. मागच्या पायांचे सांधे गाठी येऊन जाम झाले होते. "कूर्चा, म्हणजे कानातलं मऊ हाड, अधू असते म्हणून कान दुमडतो," तो म्हणाला. "तीच कूर्चा सांध्यांतही असते. कान दुमडला की पाय दुखणार. कुणाचे कमी, कुणाचे जास्त."

"पण ही कधी ओरडली नाही."

"मांजर दुखणं दाखवत नाही. नुसतं हलायचं बंद होतं."

ताई घरी आली आणि तिने चहा केला.

"इथे सही करा," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "जातीचे जनक म्हणून वडिलांचं नाव पहिल्या पानावर येईल. एकदा मान्यता मिळाली की वर्षभरात शेकडो पिलं होतील बघा. धाकटीलाही नेते मी, तिचं एक तरी वेत हवं."

ताईने कपाटातून एक्स-रे काढून समोर ठेवला आणि डॉक्टर जे बोलला ते जसंच्या तसं सांगितलं. सेक्रेटरीबाईंनी तो न उचलताच बाजूला सारला.

"वयाचं असेल."

"दोन वर्षांची आहे."

"ताई, हे बाहेर आलं तर पन्नास वर्षांच्या कामावर पाणी. वडिलांच्या नावाला बट्टा लागेल. त्यांना जाऊन अजून महिनाही..."

"झाला. परवाच झाला."

तिने वही ओढली, पेन उघडलं आणि पहिल्या ओळीतला 'शांत' खोडला. शेजारी लिहिलं, 'पाय दुखत होते.' मग दुसऱ्या ओळीतला खोडला. अक्षर अजून तसंच गोल येत होतं.

"सगळी वही खोडणार आहात?"

"लिहिली मीच ना."

सेक्रेटरीबाईंनी कागद पिशवीत भरले. धाकटीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "कमाल आहे तुमची. बापाचं नाव स्वतःच्या हाताने घालवताय आणि चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. इतकं शांत कसं राहवतं हो तुम्हाला?"

ताईचं पेन थांबलं. खिडकीखाली, पहिल्या पायरीशी, धाकटी वर बघत बसली होती.

"शांत नाहीये हो मी," ताई म्हणाली. "मला दुखतंय."

मग महिन्याभराचं सगळं एकदम डोळ्यांत आलं. शाई फुटू नये म्हणून तिने आधी वही बाजूला सरकवली.