मुरलीचं वैराग्य

मुरलीने पितळी भांड्यांच्या दुकानात जाणं सोडलं तेव्हा घरात कोणी घाबरलं नाही. मग त्याचं जेवण कमी झालं. एका एकादशीला भजनात झांजा मांडीवर ठेवून तो नुसता बसून राहिला. त्याचे वडील अप्पाजी भजनीमंडळ चालवत. घरी येऊन ते म्हणाले, पोराला वैराग्य आलं.

तमिळनाडूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुंभकोणमच्या मराठी घरांत ही बातमी पसरली. जवळच्या गावांतून, साक्कोट्टैहून, तिरुनागेश्वरम्‌हून माणसं दर्शनाला येऊ लागली. पूर्वी मुरली कोणाला पाया पडू देत नसे. आता तो पाय मागे घेत नव्हता. तेवढंही बळ त्याच्यात उरलेलं नाही, हे त्याच्या बायकोने, कामाक्षीने ओळखलं.

तिने त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्या बाई तमिळमध्ये सावकाश बोलल्या. हे तीव्र नैराश्य आहे. आळस नाही, भक्तीही नाही. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, मधेच थांबवू नका. मरणाचे विचार येतात का, हे त्याला सरळ विचारत जा; विचारल्याने ते वाढत नाहीत.

मुरलीला थोडी झोप लागू लागली. एकदा त्याने दहीभातात मीठ मागितलं. त्यानंतर गोळ्या दिसेनाशा झाल्या. अप्पाजींनी मागितल्या आणि मुरलीने काढून दिल्या होत्या. गोळ्यांनी त्याचं ध्यान मोडेल, असं अप्पाजींचं म्हणणं.

“तुम्ही का दिल्यात?” कामाक्षीने विचारलं.

“लोक पाया पडतात तोवर कोणी काही विचारत नाही,” मुरली म्हणाला. “आजारी म्हटलं की बरं व्हावं लागतं.”

“मरावंसं वाटतं?”

तो भिंतीकडे बघत राहिला. “रोज.”

तिने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ताबडतोब घेऊन यायला सांगितलं. तिने रिक्षा बोलावली. तोवर अप्पाजी दर्शनाला आलेल्या एका नवराबायकोला आत घेऊन आले होते. कामाक्षी मुरलीच्या पुढ्यात बसली आणि त्याचे पाय तिने पदराखाली ओढून घेतले. ते गार होते.

“मामंजी, यांना दवाखान्यात न्यायचंय.”

“सूनबाई, त्याच्या वाटेत बसू नकोस.”

ती हलली नाही. पाहुणी बाई क्षणभर गोंधळली, मग तिने वाकून कामाक्षीलाच नमस्कार केला.

रिक्षावाल्याने बाहेरून हाक मारली. कामाक्षीने मुरलीच्या काखेत हात घालून त्याला उठवायचा प्रयत्न केला. तो उठला नाही. तिने मदतीसाठी अप्पाजींकडे पाहिलं. ते मुरलीपुढे हात जोडून उभे होते.