स्फटिकबाबाचं तीर्थ आणि माझी सही

रांग रंगाच्या कारखान्याच्या भिंतीपासून वसाहतीच्या टोकापर्यंत गेली होती. कुणाच्या हातात बादली, कुणाच्या बाटली. पुढे मांडवात स्फटिकबाबा बसले होते. विहिरीच्या पाण्याने भरलेल्या पिंपात ते एक पांढरा खडा बुडवत आणि डोळे मिटत. "विष जड, मंत्र हलका. मंत्र वर राहतो, विष खाली बसतं," असं ते सांगत आणि माणसं माना डोलवत. खाली बसलेलं विष पुढे जातं कुठे, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. येणार तरी कसं? बाबांच्या मागे काचेच्या चौकटीत प्रयोगशाळेचा अहवाल टांगला होता. विहिरीत कारखान्याचं थिनर भरपूर, तीर्थात शून्य. खाली तपासणारी म्हणून माझी सही.

रांगेत माझा दादाही होता, कडेवर त्याची दोन वर्षांची मुलगी, चिमणी. मी म्हटलं, टँकरचं पाणी का आणत नाहीस? तो हसला. टँकर परवाच बंद झाला होता. तीर्थ मिळायला लागल्यापासून टँकरकडे कुणी फिरकत नव्हतं.

"आणि तूच तर पास केलंस ना गं," तो म्हणाला. "नाहीतर मी असल्या बाबांच्या नादी लागलो असतो का?"

खडा बुडवून थिनर जात नाही हे मला शाळेपासून ठाऊक होतं. पण यंत्राने तीनदा शून्य दाखवलं होतं आणि मी तीनदा गप्प बसले होते.

आमचं यंत्र पाण्याचा बारीकसा थेंब तापवतं आणि त्यातला एकेक पदार्थ वेगळा करून कागदावर उंचवटा काढतं. थेंब टोचण्यासाठी नुकताच ऑटोसॅम्पलर आला होता. म्हणजे एक यांत्रिक हात. ओळीने मांडलेल्या करंगळीएवढ्या बाटल्यांत तो सुई घालतो, थेंब ओढतो, यंत्रात टोचतो. तो बसवला मीच. पहिल्याच दिवशी सुई बाटलीच्या तळाला आपटून दोनदा वाकली. प्रयोगशाळेचे साहेब वैतागले, म्हणून मी सुई जरा वरच थांबेल असं करून ठेवलं. भरलेल्या बाटल्यांना काही फरक पडत नव्हता. सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी मी उरलेलं तीर्थ पुन्हा लावलं. पुन्हा शून्य. डोकं धरून बसले. बाटल्या धुणाऱ्या मावशी शेजारी उभ्या राहून झाकणातून आत बघत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, ही सुई पाण्याला लागतच नाहीये."

मी वाकून पाहिलं. बाबांच्या शिष्याने तीर्थ आणलं होतं जेमतेम दहा-बारा थेंब. तीर्थ काय बादलीने देतात का, असं वर ऐकवलं होतं. तीन चाचण्यांत वाटून प्रत्येक बाटलीच्या तळाशी जेमतेम ओल उरली होती आणि सुई तिच्या वरच्यावर हवा ओढत होती. हवेत थिनर कुठून सापडणार?

एरवी ही चूक लगेच पकडली गेली असती. प्रत्येक बाटलीत आम्ही एका ओळखीच्या पदार्थाचा थेंब मिसळतो. त्याचा उंचवटा आला नाही, तर सुईने काही ओढलंच नाही हे कळतं. पण शिष्य म्हणाला होता, तीर्थात काही मिसळलं तर ते बाटतं. साहेब म्हणाले, जाऊ दे, कशाला वाद. आणि मी, शिकलेली बाई, त्या शिष्याचं मन राखायला मुकाट्याने तो थेंब वगळला. आमच्या यंत्राला निव्वळ पाणी दिसत नाही. त्यामुळे शुद्ध पाणी आणि नुसती हवा, दोन्हींची रेघ सारखीच सपाट. बाबांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांचा चमत्कार मी करून दिला होता.

दादाच्या घरून तीर्थाची भरलेली बाटली आणली, ओळखीचा थेंब घातला, सुई खाली घेतली. उंचवटा आला. त्याच्या शेजारी थिनरचाही आला, विहिरीच्या पाण्याइतकाच. चिमणी हे आठ दिवस पीत होती.

साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. अहवाल मागे घेतला तर प्रयोगशाळेवर कोण विश्वास ठेवील, असं ते म्हणाले. सही तुझी आहे, बुडशील तर तू एकटी बुडशील, असंही म्हणाले. दार दोन पावलांवर होतं आणि मला उठवत नव्हतं. उठले ती चिमणीच्या हातातला पेला डोळ्यांसमोर आला म्हणून.

मांडवात मी सांगितलं की अहवाल चुकला आहे, माझ्याकडून. बाबा गोड हसले. "यंत्राने मान्य केलं, पोरीचा अहंकार मान्य करीना." लोक हसले. मग मी एका उंच बाटलीच्या तळाशी घोटभर सरबत ओतलं, वर आखूड नळी धरली आणि चिमणीला घेऊन रांगेत उभ्या असलेल्या दादाला म्हटलं, ओढ. त्याने ओढलं.

"काय लागलं?"

"काहीच नाही. नळी पोचतच नाहीये."

"मग बाटलीत सरबत नाही, अशी सही करून देऊ?"

कुणी हसलं नाही. दादाने बाटलीकडे पाहिलं, मग चौकटीतल्या कागदाकडे, मग चिमणीच्या हातातल्या पेल्याकडे. पेला त्याने काढून घेतला. ती रडायला लागली, तहान लागली होती तिला. "आठ दिवस, ताई," एवढंच तो मला म्हणाला. मी धाकटी. परक्या बाईला म्हणावं तसं ताई तो मला कधीच म्हणत नाही.

टँकर पुन्हा सुरू झाला. चिमणीला डॉक्टर दर महिन्याला तपासतात, आणि काही झालेलं नाही असं ते अजून म्हणत नाहीत. बाबा दुसऱ्या गावी गेले, चौकट सोबत घेऊन. तिथेही कुणीतरी माझी सही वाचत असेल आणि पोराला पाणी पाजत असेल. म्हणून हात जोडून सांगते, बाबाचं ऐकू नका हे तर आहेच, पण नुसता शिक्का पाहून माझ्यासारखीचंही ऐकू नका. कसं तपासलं ते विचारा, आणि समोर उभं राहून पुन्हा करून दाखवायला लावा.